विचारले तेवढेच

हाटकेश, मीरा रोड
९ नोव्हेंबर २०२५

आत्या,

नमस्कार. तो तू घेशील की नाही याची खात्री नाही. पण तो केल्याशिवाय मला पुढचे लिहवत नाही.

भाऊबीजेला आम्ही मुर्ध्याला आलो. तू बाबांना ओवाळलेस, आईच्या हातून फराळाचा डबा घेतलास, आणि मी उंबऱ्यापाशी चप्पल काढते आहे हे पाहून म्हणालीस, “वकीलबाईंना घाई असंल. त्यांना उभ्यानंच चहा द्या.” सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरे काय करावे ते सुचले नाही. निघताना मात्र तू मला मागच्या पडवीत गाठलेस, आणि तेव्हा तुझ्या आवाजात थट्टा नव्हती.

“गिरजे, तू त्याचे बाजूला बसतंस?”

मी खाली पाहिले. समोर माणूस असले की माझे शब्द आटतात, हे तुला मी परकरात असल्यापासून ठाऊक आहे. म्हणून लिहिते.

होय, मी त्याच्या बाजूला बसते. तो म्हणजे योगेंद्र, मंडपवाला. कागदोपत्री हकिगत एवढीच आहे: फेब्रुवारीत, तुमच्या शेजारच्या घरी हळद होती त्या दिवशी दुपारी, लग्नाचे धवले गायला तुझ्याकडे शिकलेली तुझी शिष्या भाड्याच्या समया आणि चौरंग आणायला काशीमीऱ्याला त्याच्या गोदामात गेली. त्याने शटर खाली ओढले. लग्न पार पडल्यावर तिने बलात्काराची फिर्याद दिली. तिचे नाव मी लिहीत नाही. कायदा तसे सांगतो, आणि कायद्याने सांगितले नसते तरी ते लिहिण्याचा मला अधिकार उरलेला नाही.

परंतु बसण्याचा अर्थ तू समजतेस तसा नाही. माझे वरिष्ठ वकील यतीनसर यांचे शिक्षण गुजरातीत आणि इंग्रजीत झाले. पोलिसांचे हाताने लिहिलेले मराठी जबाब त्यांना लागत नाहीत. ते मी वाचते, सारांश काढते, एका जबाबात आहे आणि दुसऱ्यात नाही अशा ठिकाणी पेन्सिलीने खूण करते. कोर्टात बोलतात ते सर. तुझ्या दृष्टीने योगेंद्र गुन्हेगार आहे, माझ्या दृष्टीने आरोपी. आणि ह्या दोन शब्दांमधल्या जागेत माझे दुकान आहे, असे तू म्हणशील. तो कार्यालयात आला की माझ्यासाठी खुर्ची सोडून उभा राहतो. त्याची आई खाली पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यापाशी उन्हात थांबते, वर येत नाही. त्याने केले की नाही, हे मला ठाऊक नाही. ठाऊक नसणे आमच्या व्यवसायात सोयीचे असते, आणि ते अप्रामाणिकही नसते. सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर आहे. आम्ही केवळ ते ओझे हलके होऊ देत नाही.

आणखी एक. मे महिन्यात मी तुझ्याकडे राहायला आले, तुझ्या मोबाइलवर हळदीच्या चित्रफिती पाहिल्या आणि त्यांतली एक मागून घेतली, ती केवळ मला धवले आवडतात म्हणून. तू तसे काही विचारलेले नाहीस. मनात आले असल्यास, म्हणून लिहिले.

तुझी,
गिरिजा


हाटकेश
२८ नोव्हेंबर २०२५

आत्या,

मागच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद खोटा होता.

एप्रिलमध्ये फाइल आमच्याकडे आली. फिर्यादीत गोदामातली हकिगत सविस्तर होती, आणि तिच्यापुढे एकच वाक्य: “त्यानंतर मी घरी गेले.” ती संपूर्ण संध्याकाळ कोरी होती. गाळलेली जागा दिसली की ती भरल्याशिवाय मला शाळेतही चैन पडत नसे, हे तुला आठवत असेल. तू पाहुण्यांना कौतुकाने सांगायचीस. ही जागा कशाने भरायची, हे त्या कार्यालयात केवळ मला ठाऊक होते. त्या दिवशी तुझा घसा बसला होता. तू पहिल्यांदाच तिला मुख्य धवलारीण म्हणून नवऱ्याच्या पाटाशी बसवले होतेस, स्वतः तिच्या शेजारी बसून मोबाइलवर टिपले होतेस, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरी फोन करून म्हणाली होतीस, “माझी पोर गायली, मना आता मराला हरकत न्हाय.”

मेमध्ये मी आले ती त्यासाठी. मी कोणाकडे काम करते, हे तू विचारले नाहीस आणि मी सांगितले नाही.

सरांनी चित्रफीत पाहिली. ती हळद लावते आहे, गाते आहे, बायका नवऱ्याला चिडवतात तेव्हा हसते आहे. सर खुर्चीतून उठले. “बेटा, ये तो पूरा केस है!” त्यांनी शेजारच्या कार्यालयातल्या दोघांना बोलावून माझी ओळख करून दिली. आत्या, त्या क्षणी मला आनंद झाला. मी तो लपवू शकले असते, पण आता एवढे लिहिते आहे तर तेही लिहिते.

मी सरांना सांगितले नाही असे नाही. मी म्हणाले, “सर, पण धवलारीण एकदा हळदीला हात लावून बसली की हळद पुरी होईपर्यंत उठत नाही. रडत तर नाहीच. नवरा-नवरीला अपशकुन मानतात. आतून काही झाले तरी तिने गायचेच असते.”

“ये तुझे मालूम है।”

“हो.”

“जज साहब को मालूम है? वो तो लातूर साइड के हैं।”

“नसेल.”

“फिर? सरकारी वकील ने पूछ लिया तो अपना नसीब। हम क्यों उनका काम करें?”

तेच उत्तर परीक्षेत मीही लिहिले असते.

परवा तिची उलटतपासणी झाली. अशा खटल्याचे दालन बंद असते आणि आतले बाहेर सांगायचे नसते. तो नियम मी इथे मोडते आहे. सरांनी लॅपटॉप तिच्यासमोर फिरवला.

“ह्या तुम्हीच ना?”

“हो.”

“काय करता इथे?”

“धवला गाते.”

“कोणी जबरदस्ती केली गायला?”

तिने बराच विचार केला. “न्हाय.”

“आणि इथे हसता. बरोबर?”

“हो.”

“त्याच दिवशी संध्याकाळी?”

“हो.”

“थँक यू, मॅडम.”

एवढेच. आवाज चढवणे नाही, अपमान नाही. पाचही उत्तरे खरी होती. पुरावा खोटा असला की त्याच्याशी भांडता येते. हा पुरावा खरा होता, आणि त्याच्यातून आम्ही जे दाखवले ते खोटे होते, आणि ह्यासाठी आमच्या पुस्तकांत शब्द नाही. मी शोधला.

सरकारी वकील नीलम मॅडमनी हरकत घेतली. मोबाइलमधली चित्रफीत ग्राह्य धरायची तर ती ज्याच्या मोबाइलमधली आहे त्याचा सहीचा दाखला लागतो, तो आमच्याकडे नव्हता. न्यायाधीशांनी हरकत नोंदवली आणि दाखला पुढे सादर करण्याच्या अटीवर चित्रफीत ठेवून घेतली. उतरण्यापूर्वी तिने एक प्रश्न विचारला. साक्षीदाराने प्रश्न विचारायचा नसतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

“ह्यो सावित्रीआत्याचे मोबाइलमधला हाय. तिनी दिला?”

मी फाइलची नाडी बांधत होते. ती आता तुझ्याकडे येत नसेल, तर कारण हे आहे.

चित्रफीत पुढेही आहे, ते आपण दोघी जाणतो. सरांनी सुरुवातीचा भाग दाखवून थांबवले. पुढे बायका झील धरतात तेव्हा ती अर्धवट उठते, आणि कडेने हिरव्या बांगड्यांचा एक हात येऊन तिचा गुडघा खाली दाबतो. ती बसते आणि पुढची ओळ उचलते. मेमध्ये तिथपर्यंत आल्यावर तू मोबाइल माझ्या हातून काढून घेतला होतास. “मना काय ठावं, गो. मना वाटला दमली.” तू पदराने काच पुसत राहिलीस. मी थोडा वेळ थांबले, आणि मग ती चित्रफीत मला पाठव म्हणाले.

सरांना तुझा दाखला हवा आहे. तो मी तुझ्याकडे मागणार नाही, असे इथे लिहायला हवे होते. कागद सोबत जोडला आहे.

गिरिजा


हाटकेश
११ जानेवारी २०२६

आत्या,

बाबांनी तुझा सही केलेला कागद आणून दिला, आणि निरोपही, तुझ्याच शब्दांत. “सही केली म्हनून सांग. आनि बोलवली तं कोर्टात येतंय. मीच बसवली तिला, त्या सांगतंय. सगला सांगतंय.”

नीलम मॅडमना तो दाखला मान्य नाही, त्यामुळे तुला बोलवावेच लागणार आहे. तू आमच्या बाजूची साक्षीदार म्हणून येशील. समन्स गावात पोचेल, घाबरू नकोस. आधारकार्ड आणि तो मोबाइल आण. मोबाइल चार्ज केलेला असू दे, आणि त्यातले काहीही पुसू नकोस. बाबा तुला काशीमीऱ्याहून ठाण्याच्या बसमध्ये बसवतील. डबा आण, कारण आपला पुकारा कधी होईल ते सांगता येत नाही.

बाबा म्हणतात की तू कोर्टासाठी नवे लुगडे काढले आहेस, आणि काय बोलायचे ते भाकऱ्या थापताना मोठ्याने म्हणून पाहतेस. परवा म्हणे शेजारीण विचारत होती, “कुनाशी भांडतंस गो सावित्री?” आणि तू म्हणालीस, “माझे मनाशी. तुना यावाचा हाय मधी?” बाबा सांगताना हसत होते.

गावकीत माणूस उभा राहिला की त्याचे संपेपर्यंत कोणी त्याला बसवत नाही. कोर्टाची पद्धत थोडी वेगळी असते. ती मी तुला भेटीत सांगेन.

सरांना मी तुझा निरोप सांगितला. “आत्या यायला तयार आहे,” एवढा.

गिरिजा


हाटकेश
३० जानेवारी २०२६

आत्या,

मी तुला ती पद्धत सांगितली नाही. सकाळी व्हरांड्यात तू बाकावर बसून मला अर्धी भाकरी देऊ केलीस. तेव्हा वेळ होता. तू म्हणालीस, “तू खा, गो. तुझे तोंडावर बघ काय झालाय.” दिवाळीनंतर तू माझ्याशी पहिल्यांदा नीट बोललीस. ते बोलणे थांबेल ह्या भीतीने मी सांगितले नाही, असे मी स्वतःला सांगत होते. खरे कारण दुसरे होते. ती पद्धत तुला कळली असती तर तू आलीच नसतीस, आणि आमचा दाखला पडला असता.

सरांनी तुला विचारले: मोबाइल तुमचा? चित्रफीत तुम्ही घेतली? कोणत्या दिवशी? त्यात काही फेरफार केला? तू “न्हाय” म्हणालीस, पदर सावरलास, आणि सुरुवात केलीस.

“आनि साहेब, त्या पोरीनी—”

“माताजी, विचारला तेवढाच.”

तू माझ्याकडे पाहिलेस. तुला वाटले असावे की तुझी पाळी पुढे येणार आहे. मग नीलम मॅडम उठल्या. त्यांच्यापुढे त्या दिवशी फाइलींचा ढीग होता. तू त्यांच्या दृष्टीने आरोपीने आणलेली बाई.

“आरोपीच्या वकिलांच्या ज्युनिअर तुमच्या कोण?”

“भाची. माझे भावाची पोर.”

“म्हणजे भाचीच्या सांगण्यावरून तुम्ही सही केली.”

“तिनी कागद धाडला, पन—”

“आरोपीला वाचवण्यासाठी खोटा दाखला दिला, असं माझं म्हणणं आहे.”

“न्हाय! मी खोटा बोलाला न्हाय आली! मी त्या सांगाला आली का—”

“मी विचारलं का तुम्हाला? हो किंवा नाही.”

“न्हाय.”

त्या बसल्या. ज्या एका प्रश्नावर त्यांचा सगळा खटला उभा राहिला असता, तो त्यांना सुचला नाही. कसा सुचणार? ती हळदीला बसलेली असताना उठली का नाही, हे विचारण्यासाठी ती उठू शकत नव्हती हे आधी ठाऊक असावे लागते. त्या दालनात ते तिघांना ठाऊक होते. सरांना, जे विचारणार नव्हते. तुला, जिला विचारता येत नव्हते. आणि मला.

न्यायाधीशांनी आमच्या टेबलाकडे पाहिले. “फेरतपासणी?”

आपल्या साक्षीदाराला पुन्हा काही विचारायचे असल्यास तो शेवटचा अवसर असतो. सरांचा दुसऱ्या दालनात पुकारा झाला होता. ते कागद गोळा करत मला म्हणाले, “बोल दे।”

मी उभी राहिले. तू कठड्यावर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे पाहत होतीस, आणि तुझा चेहरा एकदम उजळला. ही आता विचारील, असे तुला वाटले. मला प्रश्न पाठ होता. साधा प्रश्न होता तो: आत्या, ती मध्ये उठली होती ना? तेवढा विचारला असता तर बाकीचे तू सांगितले असतेस. पण तो विचारणे म्हणजे माझ्या अशिलाचा गळा कापणे, आणि तो मागच्या बाकावर बसला होता, आणि त्याचे वकीलपत्र माझ्या नावावरही होते.

“फेरतपासणी नाही,” मी म्हणाले.

सनद मिळाल्यापासून कोर्टात मी उच्चारलेले ते पहिले शब्द. ते स्पष्ट उमटले. माझा आवाज कापलाही नाही.

“माझा झाला न्हाय अजून,” तू म्हणालीस.

“आजी, झालं. उतरा,” शिपाई म्हणाला.

तू उतरली नाहीस. त्याने हात धरून तुला उतरवले. बसमध्ये तू खिडकीपाशी बसलीस आणि फाउंटन हॉटेलचा नाका येईपर्यंत माझ्याकडे वळली नाहीस. मग म्हणालीस, “मी तिला बसवली, आनि तू मना उतरवली.”

काल मी सरांच्या टेबलावर कागद ठेवला, ह्या वकीलपत्रातून माझे नाव काढावे म्हणून. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला. ते वाईट गृहस्थ नाहीत, हे तुला पटणार नाही.

“बेटा, तूने कुछ गलत नहीं किया।”

“हो, सर.”

“तो फिर?”

“म्हणूनच.”

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, “वो लड़का अंदर गया तो उसकी माँ का क्या, ये भी सोच।” मी विचार केला आहे, आत्या. रात्रभर तोच केला. ती बाई उन्हात उभी असते, तिला कोणी पाणी विचारत नाही. त्याने गुन्हा केलेला नसेल, तर खरे सांगितल्याने त्याचे बिघडायला नको. आणि केला असेल, तर तो सुटण्याचे कारण माझी हुशारी असू नये. एवढेच मला म्हणता येते, आणि ते वकिलाचे बोलणे नाही.

आता नीट वाच. निकाल लागेपर्यंत न्यायाधीश कोणत्याही साक्षीदाराला पुन्हा बोलावू शकतात. तसा अर्ज सरकारी वकिलांनी करायचा असतो. अंतिम युक्तिवाद फेब्रुवारीच्या मध्याला आहे, त्याआधी नीलम मॅडमना भेट. त्या तुला प्रथम हाकलतील; हलू नकोस. चित्रफीत त्यांच्याकडेही आहे, ती शेवटपर्यंत पाहायला सांग. हळदीला बसलेली बाई का उठत नाही ते सांग. हात कोणाचा तेही सांग. आणि त्याआधी तिच्या घरी जा. चित्रफीत तू दिली नाहीस, तुझ्या भाचीने तुला फसवून घेतली, हे तिला सांग. तिने दार उघडले नाही तर दाराबाहेरून सांग.

हे सगळे कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात छापलेले आहे, त्यामुळे मी काही फोडलेले नाही, असे एक वाक्य मी इथे लिहिले होते. ते खोडले. ज्याच्या फाइलवर मी बसले, त्याच्याविरुद्ध काय करावे हे मी सांगते आहे. त्याला आमच्या व्यवसायात नाव आहे, आणि त्यासाठी सनद जाते. शिवाय ह्याही खेपेला मी तुलाच पुढे करते आहे. आधी तुझी चित्रफीत घेतली, मग सही, आता तुला एकटीला ठाण्याला पाठवते आहे. ह्यात माझे स्वतःचे असे मी काहीच घातलेले नाही.

म्हणून, हे तुला कोणी शिकवले असे मॅडमनी विचारले, तर हे पत्र त्यांच्या हातात दे. त्यांनी ते न्यायाधीशांपुढे ठेवले तरी माझी हरकत नाही. अक्षर माझे आहे, आणि ते नाकारण्याची संधी मला राहू नये, म्हणून प्रत्येक पानाखाली सही केली आहे.

अ‍ॅड. गिरिजा उत्तम केणी
हाटकेश, मीरा रोड (पूर्व)